कोणताही आणि कुणीतरी

‘कोणताही चालेल’ आणि ‘कुणीतरी आलंय’ या दोन वाक्यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. पहिल्यात निवड समोरच्याची असते. तो जे देईल ते आपल्याला चालवून घ्यावं लागतं, म्हणून तयारी सगळ्यांची ठेवावी लागते. दुसऱ्यात निवड आधीच होऊन गेलेली असते. दाराबाहेर एक ठरावीक माणूस उभा आहे, फक्त तो कोण हे दार उघडेपर्यंत कळत नाही.

टाइप सिस्टिममधल्या (कोणत्या प्रकारची वस्तू कुठे चालेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नियमांमधल्या) एका जुन्या, छळणाऱ्या एररचं मूळ नेमकं या फरकात आहे. अ‍ॅपलच्या स्विफ्ट या भाषेत ‘साठा’ नावाचा एक प्रोटोकॉल, म्हणजे टाइपने काय काय पुरवायचं याची यादी, आहे असं धरू. फाइलमधला साठा, मेमरीतला साठा, असे त्याचे दोन-तीन अवतार आहेत. एक जेनेरिक फंक्शन आहे, म्हणजे अनेक टाइपांवर चालणारं; त्याचा टाइप पॅरामीटर, म्हणजे टाइपसाठीची मोकळी जागा, ‘टी’, आणि अट एवढीच की टीने ‘साठा’ पाळलेला असावा. या फंक्शनला साठ्यांची यादी, म्हणजे अ‍ॅरे हवाय. आपल्या हातात ‘एनी साठा’चा अ‍ॅरे आहे. तो दिला की कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) सांगतो, ‘एनी साठा’ हा टाइप ‘साठा’ची अट पाळू शकत नाही.

म्हणजे साठा हाच साठा नाही? पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा कंपायलरचा हटवादीपणा वाटतो. त्यात ‘हटवाद’ थोडा आहेही, पण त्याच्या मुळाशी एक असं कारण आहे जे चुकवता येत नाही, आणि प्रत्येक भाषेला ते कुठे ना कुठे भेटतंच.

जेनेरिक म्हणजे ‘कोणताही’. अट पाळणारा कोणताही टाइप द्या, काम होईल. टाइप कोणता हे फंक्शन बोलावणारा ठरवतो. ‘एनी साठा’ म्हणजे ‘कुणीतरी’. आत एक ठरावीक टाइपची वस्तू आहे, नाव झाकलेलं आहे. तर्कशास्त्रात पहिल्याला ‘सर्वांसाठी’चं चिन्ह लागतं, दुसऱ्याला ‘निदान एक तरी आहे’चं. म्हणूनच दुसऱ्या प्रकाराला एक्झिस्टेन्शियल टाइप म्हणतात. अमूर्त डेटा टाइप हे असे ‘एक तरी आहे’ स्वरूपाचे असतात, ही मांडणी जॉन मिचेल आणि गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९८० च्या दशकात केली.

आता गंमत अशी की स्विफ्टने या दोघांसाठी निवडलेले शब्द मराठी कानाला उलटे पडतात. ‘एनी’ हा शब्द ऐकला की ‘कोणताही’ आठवतो, पण स्विफ्टमधला ‘एनी साठा’ हा ‘कुणीतरी’ आहे. आणि फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये लिहिलेला ‘सम साठा’ हे जेनेरिकचंच आटोपशीर रूप आहे, म्हणजे ‘कोणताही’. रिटर्न टाइपमध्ये ‘सम’ आला तर निवड फंक्शनच्या आतल्या कोडची असते: एकच ठरावीक टाइप, नाव फक्त कंपायलरला ठाऊक. रिटर्नमधला ‘सम’ २०१९ मध्ये स्विफ्ट ५.१ सोबत आला, पॅरामीटरमधला २०२२ मध्ये ५.७ सोबत. ‘एनी’ हा शब्द ५.६ मध्ये आला, तोही २०२२ मध्येच. त्याआधी नुसतं ‘साठा’ लिहिलं तरी चालायचं, आणि निम्मा गोंधळ त्यातूनच व्हायचा. अट म्हणून लिहिलेला ‘साठा’ आणि टाइप म्हणून लिहिलेला ‘साठा’ दिसायला एकसारखे, पण वस्तू वेगळ्या. ‘एनी’ लिहायची सक्ती आधी स्विफ्ट ६ पासून करायची होती; ती पुढे ढकलली गेली. ज्याला हवी त्याला ती कंपायलरच्या एका फ्लॅगने आजही चालू करता येते. नव्या कोडसाठी ती चालू करावी असं माझं मत आहे, कारण कुठे झाकलेल्या वस्तूची पेटी तयार होतेय हे निदान डोळ्यांना दिसतं.

पेटी हा शब्द उपमा म्हणून वापरलेला नाही. ‘एनी साठा’ मेमरीत खरोखर पेटीसारखाच मांडलेला असतो. ६४-बिट यंत्रावर ही पेटी ४० बाइटची. त्यात आठ-आठ बाइटचे पाच कप्पे. पहिले तीन, म्हणजे २४ बाइट, खुद्द वस्तूसाठी. चौथ्यात वस्तूच्या टाइपच्या मेटाडेटाचा, म्हणजे टाइपविषयीच्या माहितीचा पत्ता. पाचव्यात विटनेस टेबलचा पत्ता, म्हणजे ‘या टाइपने साठ्याच्या प्रत्येक अटीसाठी कोणतं फंक्शन दिलंय’ याची यादी. वस्तू २४ बाइटांत मावली नाही तर ती हीपवर (मेमरीच्या वेगळ्या, मागेल तेव्हा मिळणाऱ्या भागात) जाते आणि पेटीत तिचा पत्ता राहतो. ‘एनी’ला आणखी एक प्रोटोकॉल जोडला की आणखी एक टेबल, आणखी ८ बाइट. एकही प्रोटोकॉल नसलेल्या नुसत्या ‘एनी’ला टेबल लागत नाही, ती ३२ बाइटची. प्रोटोकॉल फक्त क्लाससाठी राखलेला असेल तर तीन कप्प्यांऐवजी एक रेफरन्स पुरतो आणि पेटी १६ बाइटवर येते. मोठ्या अ‍ॅरेमध्ये हा फरक जाणवतो.

जेनेरिक फंक्शनमध्ये पेटी नसते. मेटाडेटा आणि विटनेस टेबल तिथेही लागतात, पण ते फंक्शनला अदृश्य आर्ग्युमेंट म्हणून वेगळे दिले जातात. वस्तू आपल्या मूळ आकारात राहते. ‘टी’चा अ‍ॅरे दिला तर सगळ्या घटकांसाठी टेबल एकच. यावरून पेट्यांचा अ‍ॅरे तिथे का चालत नाही हे लगेच उमजतं. अ‍ॅरेतल्या प्रत्येक पेटीला स्वतःचं टेबल आहे, आणि पहिल्या पेटीत फाइल, दुसरीत मेमरी असू शकते. ‘टी’ मात्र एकाच वेळी दोन असू शकत नाही.

उलट दिशेचा रस्ता खुला आहे, तोही इतका सहज की किंमत ध्यानात येत नाही. एक लाख पूर्णांकांचा अ‍ॅरे ८ लाख बाइटचा. तो एका प्रोटोकॉलच्या पेट्यांच्या अ‍ॅरेला नुसता नेमून दिला की कंपायलर निमूट एकेक पूर्णांक पेटीत भरतो आणि ४० लाख बाइटचा नवा अ‍ॅरे तयार होतो. ओळ एक, खुणेपुरतं बरोबरचं चिन्ह एक. लूपच्या आत अशी ओळ असली की प्रोफायलर (वेळ आणि मेमरी कुठे जाते हे मोजणारं साधन) लावल्याशिवाय ती सापडत नाही.

पण मेमरीतली मांडणी हे खरं कारण नव्हे. मांडणी कंपायलर बदलू शकतो. खरं कारण वचनांचं आहे.

‘साठा’ या प्रोटोकॉलमध्ये समजा चार गोष्टी मागितल्या आहेत: किल्ली देऊन वाचणं, किल्ली देऊन लिहिणं, ‘कमाल आकार’ नावाची स्टॅटिक प्रॉपर्टी, आणि काहीही न घेता रिकामा साठा बनवणारा इनिशियलायझर. पहिल्या दोन गोष्टी वस्तू हातात असताना विचारल्या जातात. हातात पेटी असेल तर पेटीतलं टेबल काढायचं, योग्य फंक्शन शोधायचं, आतली वस्तू त्याला द्यायची. पेटी या दोन वचनांना पुरी पडते. आता तिसरं पाहा. ‘कमाल आकार’ हा प्रश्न टाइपला विचारलेला आहे. फाइलसाठा म्हणेल १०२४, मेमरीसाठा म्हणेल ६४. ‘एनी साठा’ या टाइपने काय सांगावं? त्याच्याकडे टेबल नाही. टेबल पेटीत असतं आणि इथे पेटीच नाही. चौथं तर याहून उघड. जेनेरिक फंक्शनमध्ये ‘टी’ची नवी वस्तू बनवा असं लिहिलंय, आणि ‘टी’ आहे ‘एनी साठा’. बनवायचं काय, फाइल की मेमरी? ‘कुणीतरी बनव’ या हुकमाचं पालन कुठलाच कंपायलर करू शकत नाही.

वस्तूशिवाय उत्तर द्यावं लागतं अशा वचनांइतकीच अडचणीची दुसरी जात आहे, दोन वस्तू एकाच टाइपच्या असाव्यात अशी मागणी करणाऱ्या वचनांची. ‘इक्वेटेबल’ या बरोबरी तपासण्याच्या प्रोटोकॉलचं बरोबरचं चिन्ह डावीकडे ‘सेल्फ’, म्हणजे पाळणारा टाइप स्वतः, मागतं आणि उजवीकडेही तोच ‘सेल्फ’. दोन पेट्या दिल्या, एकीत पूर्णांक, दुसरीत स्ट्रिंग, तर कोणाचं टेबल वापरायचं? असोसिएटेड टाइपचंही (प्रोटोकॉल पाळणारा जो सोबतचा टाइप स्वतः ठरवतो त्याचंही) तसंच: कलेक्शनची पेटी आहे, पण तिच्यातल्या घटकाचा टाइप काय, हे पेटीबाहेरून ठरत नाही.

म्हणजे प्रोटोकॉलला अट म्हणून वाचलं तर ती एका टाइपविषयीची सगळी विधानं असतात, आणि टाइप म्हणून वाचलं तर ती एका वस्तूविषयीची. पेटी दुसऱ्या यादीतलं सगळं करते, पहिल्या यादीतलं काही करू शकत नाही. म्हणून पेटीला अटीचा दाखला मिळत नाही.

मग ज्या प्रोटोकॉलमध्ये स्टॅटिक काही नाही, इनिशियलायझर नाही, ‘सेल्फ’ पॅरामीटरमध्ये येत नाही, त्याच्या पेटीला दाखला का देऊ नये? देता येईल, आणि दोन ठिकाणी स्विफ्ट तो देतंही. अ‍ॅपलच्या जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेशी जोडलेले, स्टॅटिक अटी नसलेले प्रोटोकॉल स्वतःची अट पाळतात. आणि २०१९ मध्ये स्विफ्ट ५ सोबत ‘रिझल्ट’ टाइप आला तेव्हा ‘एरर’ या प्रोटोकॉलला खास सवलत दिली गेली. ‘रिझल्ट’ला अपयशाचा टाइप ‘एरर’ पाळणाराच हवा असतो, आणि निम्म्याहून जास्त वेळा लोकांना तिथे ‘कुठलीतरी एरर’ असंच लिहायचं असतं. सवलत नसती तर तो टाइप जन्मतःच लंगडा झाला असता. सरसकट सवलत न देण्यामागचं कारण मला पटतं. आज निर्मळ असलेल्या प्रोटोकॉलमध्ये उद्या लेखकाने एक स्टॅटिक अट वाढवली, सोबत डीफॉल्टही दिला, तरी ज्यांनी पेटीला दाखला समजून कोड लिहिलं ते सगळे एका रात्रीत मोडतील.

ही नुसती भीती नाही, हे सी-शार्पमध्ये बघायला मिळतं. तिथे इंटरफेस (प्रोटोकॉलसारखीच यादी) हा नेहमीच स्वतःच्या अटीत बसायचा, कारण इंटरफेसमध्ये टाइपला विचारायचे प्रश्नच नव्हते. २०२२ मध्ये सी-शार्प ११ ने इंटरफेसमध्ये स्टॅटिक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सदस्य आणले, मुख्यतः अंकगणित जेनेरिक करता यावं म्हणून. आणि लगेच एक नवी एरर जन्माला आली: सीएस८९२०. ज्या इंटरफेसमधल्या स्टॅटिक सदस्याला कुणीच अंमलबजावणी दिलेली नाही, तो इंटरफेस टाइप आर्ग्युमेंट म्हणून देता येत नाही. स्विफ्टने पहिल्या दिवसापासून जे दार बंद ठेवलं ते सी-शार्पला वीस वर्षांनी, गरज पडेल तेवढंच, बंद करावं लागलं. जावाला हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे इंटरफेसच्या स्टॅटिक मेथड हा पाळणाऱ्यांसाठीच्या कराराचा भागच नाही.

रस्टने अडवण्याची जागा आणखी अलीकडे आणली आहे. ट्रेटमध्ये (रस्टच्या प्रोटोकॉलमध्ये) ‘सेल्फ’ न घेणारं फंक्शन असेल तर त्या ट्रेटची ‘डिन’ वस्तूच, म्हणजे पेटीच, बनत नाही. पेटी बनली तर मात्र ती तो ट्रेट पाळतेच, कंपायलर स्वतःहून पाळायला लावतो. तरीही ‘टी’चा रेफरन्स घेणाऱ्या जेनेरिक फंक्शनला ‘डिन’चा रेफरन्स दिला की एरर येते, आणि नवखा माणूस समजतो हा स्विफ्टचाच आजार. तो नाही. रस्टमध्ये प्रत्येक टाइप पॅरामीटरवर न लिहिलेली एक अट असते, ‘साइझ्ड’: आकार कंपाइल होतानाच ठाऊक हवा. ‘डिन’चा आकार ठाऊक नसतो. पॅरामीटरच्या अटींत प्रश्नचिन्ह लावून ‘साइझ्ड’ लिहिलं की ही छुपी अट सुटते आणि फंक्शन चालायला लागतं. आणि ट्रेटमधल्या एखाद-दुसऱ्या स्टॅटिक फंक्शनमुळे पूर्ण ट्रेट अडत असेल तर त्या फंक्शनलाच ‘सेल्फ साइझ्ड असेल तर’ अशी अट लावायची. मग ते पेटीच्या टेबलातून वगळलं जातं आणि बाकीच्यांचा रस्ता मोकळा होतो.

गो या भाषेचा निर्णय मला सगळ्यात धाडसी वाटतो, चांगल्या अर्थाने की वाईट हे ज्याने त्याने ठरवावं. १.१८ मध्ये, मार्च २०२२ ला, गोमध्ये जेनेरिक आले आणि अटी इंटरफेसनेच लिहायच्या ठरलं. ज्या इंटरफेसमध्ये टाइपांची यादी आहे, ‘पूर्णांक किंवा स्ट्रिंग’ अशी, तो फक्त अट म्हणून वापरता येतो. त्या टाइपचं व्हेरिएबल करता येत नाही. इथपर्यंत सगळं काटेकोर. पण ‘कम्पेरेबल’ (तुलना करता येण्याजोगा) या अटीने गोची केली. साध्या इंटरफेस टाइपची वस्तू गोमध्ये बरोबरच्या चिन्हाने तपासता येते आणि मॅपची (किल्ली-किंमत जोड्यांच्या तक्त्याची) किल्लीही होते, फक्त आत तुलना न होणाऱ्या स्लाइससारखं काही निघालं तर प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे मध्येच कोसळतो. १.१८ ने म्हटलं, खात्री नाही म्हणून ‘एनी’ (गोमध्ये कुठलीही वस्तू घेणारा इंटरफेस) हा ‘कम्पेरेबल’ नाही. परिणाम असा की साध्या मॅपमध्ये ‘एनी’ किल्ली चालते, पण तोच मॅप जेनेरिक टाइपच्या आत घातला की चालत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या १.२० मध्ये नियम सैल केला: इंटरफेस टाइप ‘कम्पेरेबल’ पूर्णपणे पाळत नसला तरी अटीपुरता चालतो, आणि धोका चालू प्रोग्रॅमवर सोडला. ‘पाळणं’ आणि ‘अटीत बसणं’ हे दोन वेगळे शब्द त्यांनी स्पेसिफिकेशनमध्येच करून टाकले.

पायथनमध्ये अटींची सक्ती चालू प्रोग्रॅम करत नाही, टाइप चेकर करतो, तिथेही ३.८ पासूनच्या प्रोटोकॉलांबाबत नियम हाच आहे की जिथे प्रोटोकॉलचा टाइप स्वतः मागितला आहे तिथे प्रत्यक्ष क्लासच द्यायचा, प्रोटोकॉल नाही. कारण तेच: त्यापासून वस्तू बनवायची असेल.

परत पेटीकडे. पेटीला दाखला मिळत नसला तरी पेटी उघडता येते. उघडणं म्हणजे आतल्या टाइपला तेवढ्यापुरतं एक नाव देणं. ‘कुणीतरी आलंय’ म्हटल्यावर दार उघडून ‘याला आपण अमुक म्हणू’ असं ठरवलं की पुढच्या सगळ्या बोलण्यात तो ‘अमुक’ एकच असतो. स्विफ्ट ५.७ पासून कंपायलर हे आपणहून करतो. ‘टी’ घेणाऱ्या फंक्शनला ‘एनी साठा’ची एक पेटी दिली की तो ती उघडतो, आतला खरा टाइप ‘टी’च्या जागी ठेवतो आणि फंक्शन बोलावतो. ५.७ आधी हेच काम प्रोटोकॉलच्या एक्स्टेन्शनमधून (त्याला बाहेरून मेथड जोडणाऱ्या कोडमधून) करावं लागायचं: एक्स्टेन्शनमध्ये एक मेथड लिहायची आणि तिच्यातून जेनेरिक फंक्शनला ‘सेल्फ’ द्यायचा. एक्स्टेन्शनच्या आत ‘सेल्फ’ हा उघडलेलाच असतो. जुन्या कोडमध्ये अशी एका ओळीची विनाकारण वाटणारी मेथड दिसली तर ती पुसण्याआधी थांबा, ती किल्ली असू शकते.

आपोआप उघडण्याला मर्यादा आहेत आणि बहुतेक एररी तिथेच भेटतात. पॅरामीटरचा टाइप थेट ‘टी’ हवा; ‘टी’चा अ‍ॅरे असेल तर उघडणार काय, पेट्या अनेक आहेत. लूप लावून एकेक द्यावी लागते. एकच ‘टी’ दोन पॅरामीटरमध्ये असेल आणि दोन्हीकडे पेट्या दिल्या तर उघडणं होत नाही, कारण दोन्ही ‘अमुक’ एकच आहेत याची हमी नाही. आणि फंक्शन जे परत देतं त्यात ‘टी’ असेल तर दार पुन्हा बंद होतं: ‘टी’ची जागा ‘एनी साठा’ घेतो. नुसता ‘टी’, ऐच्छिक ‘टी’ किंवा ‘टी’चा अ‍ॅरे असेल तर हे जमतं. पण आपण लिहिलेला जेनेरिक स्ट्रक्ट, ‘गुंडाळी टीची’, परत येत असेल तर एरर. ‘गुंडाळी’ला ‘टी : साठा’ अशी अट आहे आणि ‘एनी साठा’ ती पाळत नाही, म्हणून ती परत पेटीत घालायची सोय नाही. उपाय एकच, काम परत आणायचं नाही. ‘टी’ हे नाव जिवंत आहे त्या फंक्शनमध्येच गुंडाळी बनवा, तिचं काम तिथेच संपवा आणि बाहेर फक्त साधं उत्तर द्या.

या सगळ्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना म्हणजे ‘कोडेबल’, वस्तू फाइलसारख्या ठिकाणी लिहिण्या-वाचण्याचा प्रोटोकॉल. समजा ‘चित्र’ नावाच्या स्ट्रक्टमध्ये ‘एनी आकार’चा अ‍ॅरे आहे, आणि ‘आकार’ हा प्रोटोकॉल ‘कोडेबल’ मागतो. वाटतं की चित्राला ‘कोडेबल’ म्हटलं की कंपायलर बाकीचं लिहून देईल. तो देत नाही, कारण अ‍ॅरे ‘कोडेबल’ होण्यासाठी त्याचा घटक ‘कोडेबल’ हवा, आणि पेटी ती अट पाळत नाही. मग आपण स्वतः लिहायला बसतो, आणि दोन बाजू एकदम वेगळ्या निघतात. जेसन या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहिणं सरळ जमतं: लूपमध्ये प्रत्येक पेटी एन्कोडरला दिली, ती उघडली गेली, आतल्या वर्तुळाने किंवा चौकोनाने स्वतःला लिहिलं. वाचणं अडतं. वाचताना हातात वस्तू नाही, नुसते बाइट आहेत, आणि डीकोडरला पहिला प्रश्न पडतो: बनवू काय?

म्हणून लिहितानाच उत्तर ठेवून द्यावं लागतं. प्रत्येक आकाराआधी ‘प्रकार’ नावाची एक किल्ली लिहायची, तिची किंमत स्ट्रिंग. वाचताना आधी ती किल्ली वाचायची, मग त्या स्ट्रिंगवरून टाइप निवडायचा. निवडीसाठी लांबलचक स्विच लिहिण्याऐवजी एक डिक्शनरी ठेवता येते, आणि इथे पेटीचा दुसरा प्रकार कामाला येतो. ‘एनी आकार.टाइप’ ही वस्तूची नाही, टाइपची पेटी असते: ‘आकार पाळणारा कुठलातरी टाइप’. या पेटीत टेबल असतं, म्हणून तिला ‘इनिट’ विचारता येतं, स्टॅटिक प्रॉपर्टीही विचारता येते. डिक्शनरीत ‘वर्तुळ’ या स्ट्रिंगसमोर वर्तुळाचा टाइप, ‘चौकोन’समोर चौकोनाचा. किल्ली वाचली, टाइप काढला, त्याच्या डीकोडरवाल्या ‘इनिट’ला बोलावलं, जे आलं ते पेटीत घातलं. ‘इनिट’ हा शब्द इथे स्पष्ट लिहावा लागतो. टाइपच्या नावापुढे नुसता कंस चालत नाही. आणि एक घोडचूक टाळायची: ‘प्रकार’ची स्ट्रिंग टाइपच्या नावावरून आपोआप काढू नका. सहा महिन्यांनी कुणी ‘वर्तुळ’चं नाव बदलून ‘गोलाकृती’ केलं की टेस्ट सगळ्या हिरव्या राहतात, कारण टेस्ट लिहितात आणि लगेच वाचतात. जुन्या फाइली तेवढ्या उघडत नाहीत. अनोळखी प्रकार आला तर एरर फेकायची की तो घटक वगळायचा, हेही आधी ठरवा. वगळून पुन्हा सेव्ह केलं तर तो घटक कायमचा गेला.

प्रकार मोजके आणि बंदिस्त असतील, बाहेरचं कुणी नवा आकार आणणार नसेल, तर हा सगळा खटाटोप कशाला? ‘ईनम’, म्हणजे मोजक्या ठरलेल्या केसेसचा टाइप, करा. प्रत्येक केसमध्ये एक आकार, आणि कोडेबल, इक्वेटेबल सगळं कंपायलर लिहून देतो. प्रोटोकॉलचा मोह आवरला तर अर्ध्या एररी जन्मालाच येत नाहीत.

अटी एक्स्टेन्शनवर लिहिल्या की आणखी एक खाच लागते. अ‍ॅरेला ‘एकूण आकार’ ही मेथड द्यायचीय, म्हणून एक्स्टेन्शन लिहिलं: घटक ‘साठा’ पाळत असेल तर. फाइलसाठ्यांच्या अ‍ॅरेवर ती मेथड दिसते, पेट्यांच्या अ‍ॅरेवर दिसत नाही. पेट्यांसाठी अट वेगळी लिहावी लागते, ‘घटक बरोबर एनी साठा’: पाळतो म्हणून नव्हे, तोच आहे म्हणून. दोन्ही हवे असतील तर दोन एक्स्टेन्शन लागतात. खरं काम एका फंक्शनात ठेवून दोघांनी त्याला बोलवावं.

याहून फसवी चूक एरर देतच नाही. प्रोटोकॉलच्या एक्स्टेन्शनमध्ये ‘वर्णन कर’ ही मेथड लिहिली, पण प्रोटोकॉलच्या मूळ यादीत ती घातली नाही. फाइलसाठ्याने स्वतःची ‘वर्णन कर’ लिहिली. फाइलसाठ्याच्या व्हेरिएबलवर बोलावलं तर त्याची स्वतःची चालते. पेटीतून बोलावलं, किंवा ‘टी : साठा’ अटीच्या जेनेरिक फंक्शनमधून, तर एक्स्टेन्शनमधली चालते. विटनेस टेबलात फक्त मूळ यादीतली नावं असतात. जे टेबलात नाही ते कंपायलर जागीच ठरवून टाकतो. मेथड मूळ यादीत एका ओळीने जाहीर केली की वागणूक सुधारते. कोड वाचून हे ओळखणं कठीण, म्हणून एक्स्टेन्शनमध्ये मेथड लिहिताना ‘ही कुणी बदलावी का’ हा प्रश्न तिथल्या तिथे सोडवलेला बरा.

वेगाविषयी एवढंच. जेनेरिक म्हणजे आपोआप वेगवान असं नाही. कंपायलरला फंक्शनचं पोट दिसलं तर तो खास त्या टाइपसाठी नक्कल बनवतो आणि टेबल गायब होतं. फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल आणि ‘इनलाइनेबल’ जाहीर केलेलं नसेल तर सहसा पोट दिसत नाही, आणि जेनेरिकही पेटीसारखंच टेबलातून फिरतं. मेमरीची बचत मात्र राहते.

५.७ ने पेटीवर अंशतः लेबल लावायचीही सोय केली. ‘एनी कलेक्शन’ म्हटलं तर घटक अज्ञात. ‘एनी कलेक्शन, घटक पूर्णांक’ म्हटलं तर पेटी कसली हे अज्ञात पण आतून पूर्णांकच निघणार हे नक्की. त्यासाठी प्रोटोकॉलने तो असोसिएटेड टाइप आपल्या नावापुढच्या कोनी कंसात जाहीर केलेला असावा लागतो. अशा लेबलवाल्या पेट्यांचा अ‍ॅरे करायचा तर आयओएस १६ किंवा मॅकओएस १३ पासूनचा रनटाइम लागतो. आणि लेबल लावूनही दाखला मिळत नाही: पूर्णांकांच्या कलेक्शनची पेटी अजूनही ‘कलेक्शन’ची अट पाळत नाही.

राहिली तुलना. दोन पेट्या सारख्या आहेत का, हा प्रश्न रोज लागतो, आणि दोन्ही उघडून जमत नाही हे वर आलंच. म्हणून एकच उघडायची. जेनेरिक फंक्शन लिहा: पहिला पॅरामीटर ‘टी’, अट ‘इक्वेटेबल’, दुसरा ‘एनी इक्वेटेबल’, म्हणजे बंद पेटी. आत, दुसऱ्याला प्रश्नचिन्हवाल्या ‘अ‍ॅज’ने ‘टी’ करून बघा. झाला नाही तर टाइप वेगळे, उत्तर ‘नाही’. झाला तर आता हातात दोन ‘टी’ आहेत आणि बरोबरचं चिन्ह विनातक्रार चालतं. ३२-बिट पूर्णांक ५ आणि ६४-बिट पूर्णांक ५ यांची तुलना इथे ‘नाही’ येईल. ते चालत नसेल तर आधी दोघांना एका टाइपवर आणा. पेट्यांचे दोन अ‍ॅरे तपासायचे असतील तर दोघांना ‘झिप’ करून (घटकांच्या जोड्या लावून) लूप लावायचा मोह होतो. ‘झिप’ छोट्या अ‍ॅरेपाशी थांबतो, म्हणून तीन घटकांचा अ‍ॅरे आणि त्याच तीन घटकांपुढे चौथा असलेला अ‍ॅरे सारखे ठरतात. आधी लांबी तपासा, किंवा ‘एलिमेंट्सइक्वल’ला हे तुलनेचं फंक्शन क्लोजर म्हणून द्या, तो लांबीही पाहतो.